मामा तलाव पायी फिरायचा असेल तर

नवेगाव-नागझिऱ्याला येणारी बहुतेक मंडळी पहाटे जिप्सीत बसतात, चार तास धूळ खातात, वाघ दिसला तर स्टेटस, नाही दिसला तर तोंड पाडून नागपूरला परत, आणि येताजाता साकोली, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगाला एकामागून एक जे तलाव लागतात त्यांच्याकडं कुणी मान वळवूनसुद्धा बघत नाही. मला विचाराल तर खरी मजा तिथंच आहे. गेटची वेळ नाही, पायी फिरता येतं, आणि झाडीतला एखादा दहा-पंधरा एकराचा तलाव नीट बघायचा म्हटलं तर अख्खी सकाळ पुरत नाही. फक्त कसा बघायचा ते माहीत पाहिजे, नाहीतर मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभं राहून दोन सेल्फी, "किती शांत आहे ना इथं", आणि दहा मिनिटांत "चला, आता जेवायचं कुठं?"

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, हे तलाव आपोआप झालेले नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडं नागपूर, एवढ्या भागात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत आणि त्यातले कित्येक गोंड राजांच्या काळापासूनचे, मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. राजाचं म्हणणं असं होतं म्हणतात की जो तलाव बांधेल त्यानं त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन कसावी. मग कोहळ्यांनी जमिनीचा उतार बघून, वरच्या जंगलातून येणारं पाणी कुठं अडेल ते हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि खाली धान न् ऊस पिकवला. पुढं हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली (तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव आणि बोलताना मामा तलाव. अगदी लहान असेल तर बोडी. हे सगळं सांगायचं कारण इतिहासाचा तास घ्यायचा नाहीये, पण तलाव माणसानं कशासाठी आणि कसा बांधला ते कळलं की कुठं उथळ, कुठं खोल, कुठं पक्षी बसणार, कुठं जनावर पाण्यावर येणार हे सगळं आपोआप उलगडत जातं.

तलाव निवडायचा कसा

मोबाईलवर नकाशा काढा, सॅटेलाइटवर टाका आणि झूम करत बसा. मामा तलाव लगेच ओळखू येतो, एक बाजू सरळ नाहीतर कमानीसारखी वाकलेली असते ती पाळ, आणि समोरची बाजू वेडीवाकडी, बोटं फुटल्यासारखी जंगलात घुसलेली असते, तो येवा, म्हणजे पाणी येण्याची बाजू. पाळीच्या खाली शेताचे चौकोन दिसतात. आपल्याला पाहिजे असा तलाव की ज्याच्या येव्याच्या बाजूला गडद हिरवं जंगल आहे आणि पाळीच्या बाजूला गाव किंवा निदान शेतं आहेत. चारी बाजूंनी जंगल असलेला तलाव नकाशात लई भारी दिसतो पण तिथं नवख्यानं जायचं काम नाही, आणि बऱ्याचदा तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असतो, तिथं पायी फिरायला परवानगीच नसते. हद्द आधी तपासा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झालाय आणि त्याचे तुकडे बऱ्यापैकी विखुरलेले आहेत, त्यामुळं "हे तर साधं जंगल आहे" असं स्वतःच ठरवू नका, राखीव वनात घुसायच्या आधी वनरक्षकाला नाहीतर रेंज ऑफिसला विचारा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असतील (२००६ च्या कायद्याखाली, गडचिरोलीकडं अशी गावं खूप) तर ग्रामसभेला विचारायचं, कारण ते जंगल आणि त्यातलं पाणी सांभाळायचा हक्क त्यांचा आहे.

नवेगाव बांधचा मोठा तलाव सुंदरच आहे, पण तो मोठा आहे, पलीकडचा काठ दुर्बिणीतूनही धूसर दिसतो. पहिल्यांदा शिकायला लहान तलाव घ्या, ज्याच्या या काठावर बसून त्या काठावरचा बगळा नुसत्या डोळ्यांनी दिसतो असा.

आणि ढिवरांना भेटल्याशिवाय तलावावर जाऊ नका. हे माझं अगदी ठाम मत आहे. मासेमारी बहुतेक तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांकडं असते, पहाटे डोंगा घेऊन जाळी काढायला तेच येतात, त्या पाण्यात काय आहे आणि काठाला काल रात्री काय येऊन गेलं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर विचारायचं, "राम राम भाऊ, तलावावर पक्षी बघायला जायचं होतं, कोणी सोबत येईल का?" एवढंच. कोणीतरी येतो. त्याची सकाळची मजुरी बुडते हे लक्षात ठेवून पैसे आधीच ठरवून द्या, "फोटो पाठवतो हां काका" यावर भागवू नका.

कधी जायचं

तसं तर वर्षभर, पण दर वेळी वेगळाच तलाव बघायला मिळतो. पावसात तलाव भरत असतो, सांडव्यावरून पाणी पडतं, मासे उलटे चढतात, धानाची रोवणी चालू असते, चिखल इतका की अर्धा वेळ चप्पल शोधण्यात जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरला काठोकाठ भरलेला, कमळं फुललेली. नोव्हेंबरपासून बाहेरची बदकं उतरायला लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात, पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच काळ धरावा, थंडीही छान असते आणि धान कापून झालेलं असल्यानं बांधांवरून चालता येतं. मार्चनंतर पाणी आक्रसतं, पळस संपून मोहाची फुलं पडायला लागतात, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात जंगलाची सगळी हजेरी लागलेली असते. शिकणाऱ्याला एप्रिलचा तलाव सगळ्यात जास्त शिकवतो असं मला वाटतं, पण मोह वेचायचा आणि पुढं तेंदूपत्त्याचा हाच हंगाम, माणसं पहाटे जंगलात वाकून काम करत असतात आणि वाघ-अस्वलाचे हल्ले याच दिवसांत जास्त होतात. त्यामुळं उन्हाळ्यात जाल तर पूर्ण उजाडल्यावरच, आणि जाणत्या माणसासोबतच.

दिवसाची वेळ म्हणाल तर सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासानं पाळीवर पोचा आणि दहा-साडेदहापर्यंत थांबा. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर पाण्यावरची चमक डोळ्यात जाऊन सगळे पक्षी काळेच दिसतात आणि मग "हे कोणतं बदक" यावर वाद घालत बसायचं.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची चांगली. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये, तो जेवढा मोठा तेवढा पहाटेच्या अंधुक उजेडात उपयोग. बारापटीच्या नादी लागू नका, हात थरथरतो. आखूड काठी, टोपी, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट, पाणी, आणि बूट असे की भिजले तरी चालतील. सेंट, डिओ काही मारायचं नाही, अर्जुनाच्या मोठ्या झाडांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि वासाला किंवा धुराला ते उठलं तर पळायला जागा नसते. त्याच कारणानं काठावर चुलीबिली पेटवायच्या नाहीत, बिडी-सिगरेट पण नाही.

आणखी दोन वस्तू, ज्या कोणी सांगत नाही: घरातली चहाची जुनी गाळणी आणि एक पांढरं प्लास्टिकचं ताट. कशाला ते पुढं येतंच.

मर्लिन (पक्षी ओळखायला) आणि ई-बर्ड (पक्ष्यांची यादी नोंदवायला) ही ॲप घरूनच डाउनलोड करून या, भारतातल्या पक्ष्यांचा पॅक पण, तलावावर रेंज येईलच असं नाही. पण ॲपनं नाव सांगितलं की काम झालं असं समजू नका, आवाजावरून ते कधीकधी भलतंच काहीतरी सांगतं.

सुरुवात पाळीवरून

गाडी गावातच ठेवा. पाळीवर चढा आणि लगेच चालायला लागू नका, पहिली पंधरा मिनिटं एका झाडाच्या बुंध्याला टेकून नुसतं बसा. तुम्ही वर आलात तेव्हा अर्धे पक्षी दडलेत, ते परत बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. पाळीवर मोठाली जुनी झाडं असतात, अर्जुन, जांभूळ, मोह, करंज, त्यांच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलेली असते. बऱ्याच पाळींवर शेंदूर लावलेला देव असतो, तिथं चपला काढा, आणि त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढणारे पण मी पाहिलेत, ते करू नका म्हणजे झालं.

मग पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि दोन जागा शोधा. एक तुडूम, म्हणजे शेताला पाणी सोडायची जागा, ही पाळीच्या सगळ्यात खोल भागाजवळ असते. दुसरा सांडवा, पाळीच्या टोकाला, जादाचं पाणी निघून जायला ठेवलेली दगडी नाहीतर मुरमाची वाट. या दोन जागा कळल्या की तलावाचा नकाशा डोक्यात तयार झाला: तुडुमाजवळ खोल पाणी, तिथं पाणकावळे, तिरंदाज आणि टिबुकल्या बुड्या मारणार. सांडव्याजवळ वाहतं उथळ पाणी, तिथं खंड्या, वंचक आणि पावसाळ्यात चढणारे मासे धरायला जमलेले बगळे. आणि समोर येव्याकडं पाणी हळूहळू पातळ होत जंगलात मिसळतं, तिथं गवत, देवधान (रानटी भात), कमळ, आणि त्यात लपलेलं बाकी सगळं. पाणी जिकडून येतं तिकडून जातं तिकडं असं एकदा नजरेनं फिरा, मग पायानं.

पाळीच्या आतल्या उतारावर मात्र उतरू नका. दगडं निसटतात, आणि गाळ काढायला जेसीबी लावलेल्या तलावांत काठापासून चार पावलांवर उभे खड्डे असतात जे पाणी भरल्यावर अजिबात दिसत नाहीत. पोहायचा तर विचारच सोडा, कमळाच्या देठांत पाय अडकला की चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

पक्षी: यादी नको, एकाला धरा

नवखे लोक काय करतात, दुर्बीण इकडून तिकडं फिरवत राहतात, आणि शेवटी तीस नावं लिहून आणतात पण एकाही पक्ष्यानं काय केलं ते सांगता येत नाही. त्यापेक्षा एक पक्षी धरा आणि वीस मिनिटं त्यालाच बघा. माझी शिफारस कमळपक्ष्याची. लांबलचक बोटं असलेला, कमळाच्या पानांवरून जमिनीवर चालावं तसा चालणारा. बोटं इतकी पसरट की वजन वाटलं जातं आणि पान बुडत नाही, जरा बुडायला लागलं की तो पुढच्या पानावर. पान चोचीनं उचकटून खालचे किडे आणि गोगलगायी खातो, ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात गेलात तर अजून एक गंमत, यांच्यात अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची कामं नर करतो, मादी मोठी असते, ती एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडं निघून जाते. धोका वाटला की नर पिल्लांना पंखाखाली घेऊन उचलून नेतो आणि त्याच्या पंखांखालून पिल्लांचे लांब पाय लोंबताना दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं या पक्ष्याला सहा-आठ पाय आहेत की काय.

बदकं थंडीत. यात पहिल्यांदा एवढंच ओळखायला शिका की कोण बुडी मारतंय आणि कोण नुसतं डोकं खाली घालतंय. तलवार बदक शेपूट वर करून पाण्यात उलटं उभं राहतं, आख्खं बुडत नाही, त्यामुळं ते ज्या जागी खातंय तिथं पाणी फार खोल नाही हे तुम्हाला बसल्या जागी कळतं. थापट्या बदक फावड्यासारखी चोच पाण्यावर फिरवत गाळत जातं. अडई मात्र इथलीच, वर्षभर असते, उडताना शिट्टी मारते, ती शिट्टी ऐकू आली की वर बघा. काणूक अगदी लहान, बरंचसं पांढरं, आणि हे झाडाच्या ढोलीत घरटं करतं, म्हणजे पाळीवरचं जुनं पोकळ झाड तोडलं की तलावावरचा काणूक पण गेला. वारकरी सगळे ओळखतात, काळाकुट्ट न् कपाळाला पांढरा टिळा.

सगळी बदकं एकदम उडाली आणि गोल फिरायला लागली तर त्यांच्याकडं नाही, त्यांच्या वर आभाळात बघा. कुठलातरी शिकारी पक्षी आलेला असतो. थंडीत कैकर येतो, तो मासेच खातो, पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि पाय पुढं करून धाडकन पडतो, मासा मिळाला तर त्याचं तोंड पुढं येईल असा पायात धरून नेतो.

पाणकावळा आणि तिरंदाज पंख पसरून खुंटावर बसलेले असतात ते त्यांचे पंख पाण्यात भिजतात म्हणून, बदकासारखं पाणी ओघळून जात नाही. भिजतात म्हणूनच खोल बुडी नीट मारता येते.

सारसाबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडा आजूबाजूला. माणसाच्या उंचीचा पक्षी, डोकं-मान लाल, जोडीनं फिरतो, धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ गवतात पावसाळ्यात घरटं करतो, अंडी बहुतेक दोनच. दिसला तर लांबूनच बघा, तो मान वर करून तुमच्याकडं बघायला लागला याचा अर्थ तुम्ही जास्त जवळ आलात, मागं सरा. घरट्याचा फोटो नाही, ड्रोन नाही, आणि जागेचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही, कितीही मोह झाला तरी. एकदा लोकेशन फिरलं की रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते आणि शेतकऱ्याचं धान तुडवलं जातं ते वेगळंच, मग तोच शेतकरी पुढच्या वर्षी घरटं होऊ देईल का सांगा.

आता गाळणी काढा

मुलं सोबत असतील तर हे आधी करा, मोठ्यांनापण आवडतं पण ते कबूल करत नाहीत. काठाला जिथं घट्ट जमीन आहे आणि पाण्यात गवत आहे अशी जागा बघा, सोबतच्या माणसाला विचारून. ताटात तलावाचंच दोन बोटं पाणी घ्या. गाळणी पाण्यातल्या झाडांच्या बुडाशी दोन-तीनदा हळूच ओढा आणि ताटात उलटी करा. पहिल्यांदा नुसता कचरा दिसतो. एक मिनिट हलवू नका. मग कचरा चालायला लागतो.

त्यात काय काय असतं: चतुराची पिल्लं, मातकट, सहा पायांची, ती खालचा ओठ एकदम पुढं फेकून भक्ष्य पकडतात. टाचणीची (चतुराचीच सडपातळ भाऊबंद) पिल्लं बारीक, शेपटीला तीन पानं. पाठीवर उलटे पोहणारे किडे. पाणविंचू, ज्याला विंचवासारखी नांगी नसतेच, शेपटीसारखी दिसते ती श्वासाची नळी, पाण्याच्या वर काढून हवा घेतो. आणि नशीब चांगलं असेल तर एक चपटा तपकिरी पाणकिडा ज्याच्या पाठीवर पांढरट दाणे ओळीनं चिकटवल्यासारखे दिसतात. ती त्याची अंडी. तो नर असतो, मादी त्याच्याच पाठीवर अंडी घालून जाते आणि पिल्लं निघेपर्यंत हा ती वागवत फिरतो, मधेमधे पाण्याच्या वर आणून हवा दाखवतो. याला बोट लावू नका, चावतो आणि बरंच दुखतं. दहा मिनिटांत सगळं होतं तिथंच परत सोडा, ताट उन्हात तापू देऊ नका.

काठच्या गवताच्या काड्यांवर सकाळी चतुराच्या वाळक्या काती चिकटलेल्या दिसतात, पाठीवर चिरलेल्या. त्या खुशाल घरी न्या, रिकाम्याच असतात.

पावसाळ्यात उथळ पाण्यात कधी तांबूस-नारिंगी ढग हलताना दिसला, बुडबुडे आल्यासारखा वरखाली होणारा, तर ती मरळ माशाची पिल्लं, शेकड्यांनी एकत्र. मरळ हवा घेणारा मासा, पिल्लंसुद्धा वर येऊन हवा घेतात म्हणून तो ढग असा उकळल्यासारखा वाटतो. खाली बरोबर आई-बाप राखण करत असतात. ढिवर म्हातारे सांगतात की पिल्लं सोबत असलेली मरळ धरायची नाही, तो नियम आता सगळे पाळतात असं नाही.

गाळातली हजेरी

येव्याच्या बाजूला एकटं जायचं नाही, आधीच सांगतो. दोन-तीन जण, त्यातला एक गावचा, आणि मोठ्यानं बोलत. पक्षी बघताना गप्प बसायचं ते पाळीवर, झुडपात शिरताना उलट आवाज करायचा, जनावराला तुमची चाहूल आधी लागली की ते बाजूला होतं. अस्वलाला अचानक समोर गेलेलं अजिबात चालत नाही.

गाळात ठसे वाचताना उन्हाची तिरीप एका बाजूनं पडेल असे उभे राहा, मग ठशाची खोली दिसते. चितळाचा खूर टोकदार, दोन पाकळ्या. रानडुकराच्या खुरामागं दोन बारीक खळगे जास्तीचे उमटतात. गव्याचा ठसा मोठा, गोलसर, गावातल्या बैलाशी गल्लत होते म्हणून सोबतच्याला विचारा. मांजर कुळातल्यांना चार बोटं आणि नखं उमटत नाहीत, कुत्र्याची नखं उमटतात, हे एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. अस्वलाची पाच बोटं आणि त्यांच्या पुढं लांब नखांच्या खुणा. मासळीच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा एखाद्या दगडावर दिसली तर ती पाणमांजराची, म्हणजे उदाची, तो दिवस लिहून ठेवा. आणि वाघाचा मोठा ठसा दिसला, कडा धारदार आहेत, तळाशी पाणी अजून पाझरतंय, म्हणजे तो ताजा आहे. फोटो काढायला वाकू नका, सगळ्यांनी एकत्र, न पळता, आलात त्या वाटेनं पाळीवर परत. ताज्या ठशाच्या बाबतीत "थोडं पुढं जाऊन बघू" हे वाक्य कोणी म्हटलं तर त्याचं ऐकू नका.

साप काठाला असणारच. बहुतेक वेळा दिवड, पाण्यातली, विषारी नाही पण चिडकी. तरी बीळ असलेल्या पाळीवर आणि धानाच्या तणसात नाग-घोणस असतात, म्हणून काठी पुढं आपटत चालायचं आणि हात कुठंही घालायचा नाही. कोणाला चावलाच तर बांधाबांधी, चिरणं, चोखणं काही नाही, हातपाय न हलवता सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात, प्रतिविष तिथंच मिळतं.

तलाव बरा आहे की आजारी

फिरून झालं की शेवटी एवढं बघाच. काठावर फिकट जांभळ्या भोंग्याच्या फुलांची उंच दाट झुडपं माजली असतील तर ती बेशरम, मूळची अमेरिकेकडची, गुरं खात नाहीत, तोडली तरी फुटते. ती वाढली की उथळ काठ भरून जातो, आणि मघाशी बघितलं तसं सगळं काही उथळ काठावरच तर चाललेलं असतं. पाण्यावर जांभळ्या फुलांची जलकुंभी पसरली असेल तर खाली उजेड जात नाही. आणि पाणी अगदी स्वच्छ, मोकळं, एकही पाणवनस्पती नाही असं दिसलं तर खूश होऊ नका, तिथं बहुतेक गवत खाणारे मासे सोडलेले असतात, त्यांनी सगळं फस्त केलेलं असतं. कमळपक्षी बसणार कुठं मग?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यात बायका पुढं, काही तलावांतली बेशरम उपटून, उन्हाळ्यात कोरडं पडलेलं बूड नांगरून, पाऊस लागल्यावर जुन्या देशी पाणवनस्पती परत लावल्यात. जमलं तर असा एखादा तलाव आणि शेजारचा न केलेला तलाव एकाच सकाळी बघा, फरक कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

जायचं कसं ते सोपं आहे. नागपूरहून भंडाऱ्यामार्गे साकोली शंभरेक किलोमीटर, पुढं त्याच हायवेवर कोहमारा फाटा, तिथून नवेगाव बांध, अर्जुनीकडं वळायचं. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा लाइन, सौंदड, अर्जुनी, वडसा ही स्टेशनं या पट्ट्यातच येतात, गाड्या कमी आहेत तेवढ्या, वेळ बघून घ्या. जेवण गावातच सांगून ठेवा, आदल्या दिवशी फोन केला तर झिंग्याची भाजी न् भात मिळतो, तलावावर डबे-प्लेटा नेऊन पसारा करायची गरज नाही. ई-बर्डवर यादी टाकणार असाल तर नुसती नावं न टाकता संख्या पण टाका, अंदाजे का होईना, आणि सारस असेल तर ती यादी लपवून ठेवा. दुपार टळायच्या आत परत निघा, झाडीतल्या रस्त्यावर अंधार पडल्यावर रानडुक्कर आडवं येतं.